रुळलीस की!

निवृत्तीनंतर आईबाबा परदेशी मुलाकडे आले. बाबा रमले, पण आईला तिथल्या भाषेचा एक शब्द येईना. सून शिकवून शिकवून थकली. "हिला नाहीच जमलं, तर पुढच्या वर्षी परत जाऊ," बाबा दरवर्षी म्हणायचे.

एके दुपारी घरात दोघंच असताना बाबा छाती धरून स्वयंपाकघरात खाली बसले. आईने फोन उचलला आणि त्याच भाषेत पत्ता, त्रास, गोळ्यांची नावं घडाघडा सांगितली. ॲम्ब्युलन्स वेळेत आली.

हॉस्पिटलात जरा बरं वाटताच बाबांनी कौतुकाने तिचा हात धरला. "अगं, तू तर छान रुळलीस की! मग आता परत कशाला जायचं?"



हेच ऐकावं लागू नये, म्हणून ती इतकी वर्षं मुकी राहिली होती.