खिशातली छत्री

इस्त्री खिशावर टेकली आणि कडकबाईनं हात उचललाच नाही.

पांढरा शर्ट आधी पिवळा पडला, मग तपकिरी. जळक्या सुताचा वास दुकानभर पसरला, तरी ती दात आवळून मूठ दाबत राहिली. लोकांच्या कपड्यांवर तिनं जन्म काढला होता, पण एका धाग्याला कधी डाग लागू दिला नव्हता. गल्लीत तिला कडकबाई म्हणत. घडीमुळे की तोंडामुळे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

शर्ट लेकीनं सकाळी आणून ठेवला होता. "आई, हा आजच्या आज हवा. नीट कर हं." गिऱ्हाइकाच्या गाठोड्याला कधी बोट न लावणारी पोरगी! आणि संध्याकाळी तिचा 'तो' पहिल्यांदाच घरी येणार होता. शर्ट कुणाचा हे न कळायला कडकबाई काय दूधखुळी होती? इस्त्रीआधी खिसा चाचपायचा, ही धंद्याची रीत. तिनं चाचपला. आतून पक्षाचा बिल्ला निघाला. बिल्ल्यावर छत्री.

छत्रीवाले! तिची टपरी रस्त्यातून उचलायला माणसं घेऊन आलेले तेच ते. तेव्हा आडवे पडले होते होडीवाले. त्या दिवसापासून घरात होडीचं चित्र होतं आणि छत्रीचं नाव काढायची बंदी होती. पाऊस आला तर कडकबाई डोक्यावर गोणपाट घेई, पण छत्री उघडत नसे. आणि पोरीनं गावभर हिंडून नेमका त्यांच्यातलाच हुडकला!

डाग आत जाईल अशी तिनं शर्टाची घडी घातली. बिल्ला घडीतच ठेवला. शर्ट जाळला म्हणून काय झालं, गिऱ्हाइकाची वस्तू ठेवून घ्यायला ती चोर नव्हती. वर कागद गुंडाळला. आता बघू, काय घालून येतो ते.

तो तोच शर्ट घालून आला.

सडपातळ वायरमन, केस ओले करून विंचरलेले. छातीवर डावीकडे तो डाग, एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला टोकदार.

"बघ ना आई, काय हा वेंधळेपणा," लेक म्हणाली. "तू एवढी कडक इस्त्री करून दिलीस आणि यानं घरी नेऊन पुन्हा फिरवली! म्हणे चुरगळला होता. छातीवर अगदी होडी उमटलीय बघ, आपल्या चित्रातल्यासारखी."

कडकबाईनं विचारलं, "दुसरा शर्ट नव्हता?"

"होता काकू. पण तुमच्या हातचा हाच होता."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिनं दोन परत दिले असते. तो तिच्याकडे सरळ बघत होता आणि त्याला सगळं कळलेलं होतं. घरच्या इस्त्रीचा डाग एवढा दांडगा पडत नाही. कडकबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मान खाली घालायची तिला सवय नव्हती, म्हणून ती भिंतीवरच्या चित्राकडे बघत बसली. चित्राचा एक कोपरा सुटून लोंबत होता. वायरमन उठला आणि अंगठ्यानं दाबून त्यानं तो कोपरा नीट बसवला. सोंगाड्या मेला, ती मनात म्हणाली. पण शिवीला धार येईना.

लेक चहा करायला आत गेली.

"खोटं का बोललास?" कडकबाई दबक्या आवाजात म्हणाली.

"कसलं खोटं?"

"वेड पांघरू नकोस. शर्ट मी जाळला. जाणूनबुजून."

"ठाऊक आहे."

"मग?"

"तिला कळलं असतं तर ती तुमच्याशी बोलली नसती, काकू. मला काय, शर्ट दुसरा मिळेल. तिला आई कुठून आणून देऊ?"

कडकबाईनं पदर उगाच बोटाला गुंडाळला, सोडला. पण तिची लाज कधी सरळ वाटेनं बाहेर येत नसे, आवाज चढवूनच येई.

"हे बघ, माणूस म्हणून तू लाखाचा असशील. पण छत्रीवाल्याला या घरातली पोरगी मिळायची नाही. बिल्ला मी या डोळ्यांनी पाहिलाय!"

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं.

"बरं," एवढंच म्हणून तो दाराकडे गेला आणि चपला पायात सरकवू लागला.

आतल्या दारात कपबशा वाजल्या. लेक उभी होती, हातातल्या ट्रेमध्ये चहा सांडलेला. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आईकडे बघत नव्हती, त्या डागाकडे बघत होती.

"कुठं निघालास? थांब," ती त्याला म्हणाली. मग आईला म्हणाली, "हा तुझ्याच होडीतला आहे, आई. पलीकडच्या भागात तुमच्या सभांचे दिवे हाच लावतो, एक पै न घेता. बिल्ला माझा आहे. दिवसभर मी लावते, आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी आले की काढून याच्या खिशात ठेवते. या शर्टात तो चुकून तसाच राहिला. तुझ्या हाती लागला तर जाळशील म्हणून."