पाच पानं

दर शुक्रवारी मी तिसरीच्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकते. काय शिकवलं, पुढच्या आठवड्यात काय आहे, काय आणायचं. पालक अंगठा टाकून मोकळे होतात. धड वाचत कोणी नाही. शाल्मलीचे आजोबा तेवढे नेमाने लिहायचे, "वाचलं, बाई. आणतो."

शाल्मली दिवाळीच्या सुट्टीतच आईबाबांबरोबर कॅनडाला गेली. आजोबांचा नंबर ग्रुपमधून काढायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

या शुक्रवारी मी लिहिलं : सातचा पाढा पाठ झाला. सोमवारी ठसेकाम आहे, पाच वेगवेगळी पानं आणावीत. बुधवारी आजी-आजोबा दिवस.

सोमवारी शाळेच्या फाटकाशी आजोबा उभे. हातातल्या पिशवीत, वर्तमानपत्राच्या घडीत नीट ठेवलेली जास्वंद, पेरू, आंबा, कढीपत्ता आणि पिंपळाची पानं.

"आजोबा, अहो, शाल्मली तर आता..."

"माहीत आहे हो. पण कोणीतरी आणायला विसरतंच ना? त्याला द्या."

मी पिशवी घेतली. तुमचा नंबर काढून टाकते, असं सांगणारच होते. तेवढ्यात स्वतःच्या चपलांकडे बघत त्यांनी हळूच विचारलं,

"बाई, बुधवारी यायचं तर सोबत नातवंड लागतंच का?"