निंबाची मान

सगळे हसले, म्हणून निंबाही हसला. जरा उशिराच.

शेजारी बन्सीलाल डोळे पुसत होता. हसून पुसत होता की रडून, ते त्या अंधारात निंबाला काही उमगेना. उधन्याच्या थिएटरात मंडळानं आज जुना काळापांढरा मराठी सिनेमा लावला होता, गाव सोडून इथं कामाला आलेल्या खास आपल्या माणसांसाठी. दोघांची तिकिटं बन्सीलालनंच काढली होती. आणि सिनेमा सुरू झाल्यापासून निंबा खुर्चीत मुंगळे असल्यासारखा चुळबुळत होता.

त्याचे कान गेले होते. ही गोष्ट त्यानं घरीदारी कोणालाच कळू दिली नव्हती. पांडेसऱ्याला लूमच्या खात्यात, म्हणजे तो काम करायचा त्या कापडाच्या कारखान्यात, ती कळायचा प्रश्नच नव्हता. तिथं धडधडाटात कोणालाच काही ऐकू येत नाही, सगळे ओठ बघून आणि हात हलवून बोलतात, आणि त्यात निंबाचा हात धरणारा कोणी नव्हता. इथं मात्र पंचाईत. या सिनेमातली माणसं एक तर पाठ फिरवून बोलत, नाहीतर भरघोस मिशांआडून.

मघाशी बन्सीलाल त्याच्या कानाशी वाकून बराच वेळ काहीतरी पुटपुटला होता. असं झालं की मान डोलवायची, ही निंबाची सवय. त्यानं डोलवली. तर बन्सीलालनं त्याचा हात असा दाबला की बोटं दुखली.

तेव्हापासून निंबाला एकच प्रश्न पडला होता. आपण कशाला मान डोलवली? सकाळीच हर्षदानं बजावलं होतं, "पप्पा, मला भूपेंद्रशी लग्न नाही करायचं. बन्सीकाकांना आज चोख्खी ना सांगून टाका." लेक शहाणी होती, तिचा शब्द त्याला मोडायचा नव्हता. पण भूपेंद्र बन्सीलालचा एकुलता एक मुलगा. सिनेमा संपला की सांगू, चहा घेताना सांगू, असं ठरवून निंबा आला होता.

मध्यंतराचे दिवे लागले. बन्सीलाल लगबगीनं बाहेर गेला आणि फोन खिशात टाकत परत आला. आता त्याचं तोंड स्वच्छ दिसत होतं.

"भूपेंद्रनी मायले फोन करी दिधा. ती शिरा करी ऱ्हायनी," तो म्हणाला. "तू मान हालाडी आनि मना जीव भांडामा पडना, व्याही!"

'व्याही' हा शब्द निंबानं ओठांवर नीट वाचला. त्यानं तोंड उघडलं, तोवर मंडळाचे श्रीरंगभाऊ येऊन ठेपले. बन्सीलालनं त्यांना बातमी सांगितली, त्यांनी निंबाला मिठी मारली, मागच्या रांगेतल्या दोघांनी पुढे वाकून त्याची पाठ थोपटली. दिवे गेले.

हा शिरा पोटात जाऊन होकार पक्का व्हायच्या आत बोलायला हवं होतं. घरी हर्षदा वाट बघत असेल, आणि इथं तिचा बाप मान हलवून मोकळा झाला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. तो उठला, बसला, पुन्हा अर्धा उठला. मागून कोणीतरी त्याच्या खांद्याला धरून खाली बसवलं.

पडद्यावर म्हातारा बाप लेकीच्या उशाशी बसून होता. कोणाचेच ओठ हलत नव्हते. हीच वेळ, असं निंबाला वाटलं. तो बन्सीलालच्या कानाशी वाकला आणि अगदी हळू, म्हणजे त्याच्या हिशेबानं हळू, बोलला.

"बन्सी, हर्षदा नही म्हनस! तू मघाशी काय इचारं, माले ऐकूच उनं नही!"

पुढच्या रांगेनं वळून पाहिलं. मग तिच्या पुढच्या. कडेला बसलेले श्रीरंगभाऊ उभेच राहिले. पार पडद्यालगतच्या बायकासुद्धा मागे बघत होत्या. तेव्हा कुठे निंबाला कळलं, की सिनेमा त्या क्षणी गप्प होता आणि आपण खात्यातल्या आवाजात बोललो होतो.

बन्सीलाल खाली मान घालून बसला. एकदा त्यानं खिशातला फोन काढला, पाहिला, तसाच परत ठेवला. निंबाला वाटलं, आता हा उठून जाणार, आणि गेला तर त्याला थांबवायला आपल्याकडे तोंड नाही.

बन्सीलाल उठला नाही. तो निंबाकडे वळला, पडद्याचा उजेड तोंडावर पडेल असा सरकून बसला आणि आवाज न काढता, एकेक शब्द सुटा करत, नुसत्या ओठांनी म्हणाला,

"कान कव्हय गयात रे तुना?"

सिनेमा सुरू झाल्यापासून त्या अंधारात निंबाला पुरतं कळलेलं हे पहिलंच वाक्य होतं.