बारावरचा काटा

“मेलेली घडी हाये, बापा. नेतो तं ने,” रंगूबाईनं घड्याळ हरीओमच्या पुढ्यात सरकवलं. “लग्नातच मेलेली होती.”

हरीओम अकोल्याचा. सेलवर चालणारी, पोटात तीन बारक्या चकत्या असलेली जुनी घड्याळं जमवायचा त्याला नाद. कामरगावच्या बाजारात कोणीतरी सांगितलं, म्हणून तो रंगूबाईच्या ओसरीवर येऊन बसला होता. येतो म्हणाला दहाला, आला साडेअकराला. “बॅगीत चाळीस घड्या, आन् मानसाले येळ कळत नाही,” हे पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आधीच रंगूबाईनं त्याला ऐकवलं होतं.

त्यानं डोळ्याला भिंग लावलं. घड्याळ उन्हाकडं धरलं.

“आजी, ही तं चालू हाये.”

“डोळे फुटले काय तुहे? तो मोठा काटा पाय. मुडद्यावानी पडला हाये बारावर.”

“तो रोजचा काटा नाही, आजी. रोजचा सेकंद हा, खालच्या चकतीतला बारका. पाहा, पळून राह्यला. मोठा काटा शर्यत मोजायचा. बटण दाबल्याबिगर जागचा हलत नाही.”

त्यानं चावीच्या वरचं बटण दाबलं. टिक्. मोठा काटा बारावरून निघाला आणि तुरुतुरु चालायला लागला.

रंगूबाई बघत राहिली.

बावीस वर्षांमागं मांडवात हीच घडी सुनेच्या भावानं, लखननं, नवरदेवाच्या मनगटावर बांधली होती. नवरदेवाला घड्याळ-अंगठी पोरीकडून, ही रीतच. रंगूबाईनं मोठा काटा पाहिला आणि भर मांडवात आवाज चढवला, “माह्या पोराच्या हाताले मेलेली घडी बांधता?” लखननं हात पुढं केला. तो घडी ओढायला आला असं वाटून तिनं तो हात झटकून टाकला. त्याचं बोट या बटणाकडं निघालं होतं, हे तिला आज दिसलं. लखन मांडवातून जेवणाशिवाय गेला. नंतर कधी या ओसरीची पायरी चढला नाही.

साधना चहा घेऊन आली. मीठ जास्त पडो, भाकर करपो, या सुनेला घरात एकच नाव होतं : बंद घडीवाल्याची बहीण. नाव रंगूबाईनंच ठेवलेलं.

हरीओमनं काटा थांबवला, खालचं बटण दाबून परत बारावर आणला. मग मागचं झाकण उघडलं.

“मशीन अस्सल हाये. आतून कोरी. नवल हाये, आजी. अशा घडीत जुना सेल गळते आन् मशीन खाऊन टाकते. ही कोणीतरी सांभाळली.” त्यानं झाकण उलटं केलं. “सेल बदलला का घडीवाला आतून सुईनं तारीख कोरते. या पाहा, आठ तारखा.”

“वाच.”

“नोव्हेंबर दोन हजार चार. मंग ऑक्टोबर, सहा. ऑक्टोबर, नऊ...” तो थांबला. “साऱ्या दिवाळीच्या दिसतात.”

रंगूबाईला अक्षर येत नव्हतं, पण दिवाळी कळत होती. भाऊबीजेला साधना मेडशीला माहेरी जाई. घडी तिच्याच पेटीत, लुगड्यांच्या खाली. रंगूबाईनंच तिथं टाकायला लावली होती.

“तू नेत होती व?”

साधनानं कप खाली ठेवला. “लखन बदलून आणे, मामी. म्हणे, बंद घडी देली हे बोलणं खरं होऊ द्याचं नाही.”

“मंग मले सांगतलं काहून नाही?”

“सांगतलं होतं. पयल्याच दिवाळीले. तुमी म्हणल्या, बंद घडीवाल्याची बहीण आता मले घडी शिकवते.”

सासूला चार शब्द उलटून बोलायची ही सुनेची पहिली वेळ. आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. रंगूबाईनं पदर डोक्यावर ओढला, तो नीटच होता तरी.

हरीओमनं झाकण बसवलं. “मंग, देता काय आजी?”

“ठेव खाली. चहा पे आन् निंघ.”

तो गेला. चहा तसाच राहिला. साधना कप उचलायला वाकली, तेव्हा रंगूबाई तिच्याकडं न बघता म्हणाली, “तुह्या भावाले फोन लाव.”

साधनानं नंबर लावला आणि फोन सासूच्या हातात दिला.

“हॅलो, ताई?”

भर बाजारात तराजूवाल्याला गप करणाऱ्या रंगूबाईनं फोन कानाला घट्ट लावला. दुसऱ्या हातात घडी होती. अंगठा बटणावर दाबला गेला. टिक्. मोठा काटा निघाला.

“ताई? बोल ना व. बरं हाये ना सारं?”

काटा तीनवर गेला. साधनाकडं फोन द्यावा म्हणून तिनं हात लांब केला. साधनानं तो घेतला नाही. पदराला हात पुसत तिथंच उभी राहिली.

“ताई, ऐकू येऊन राह्यलं काय?”

सहा. नऊ. काटा पुरा फिरून बारावर आला, आणि डावीकडच्या चकतीतला, मिनिटं मोजायचा बारका काटा एक घर पुढं सरकला.

“लखन,” रंगूबाई म्हणाली, “घडी चालू हाये.”

फोन कटला नव्हता. मोठा काटा दुसऱ्या फेरीला लागला होता.