गोणपाटाखालचं डांगर

गोणपाटाखालचं डांगर सगळ्यात आधी प्रियदर्शनीला दिसलं.

भाऊबीज उरकली की दुसऱ्या दिवशी सगळं घर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शिरड शहापूरच्या शिवारात यायचं. आधी बांधावरची सीताफळं, मग हळदीच्या कडेची डांगरं, म्हणजे तांबडे भोपळे, शेवटी शेजारच्या गुऱ्हाळावर रस आणि गरम काकवी. पोरांचा जीव मात्र डांगरांत. पोळ्याच्या सुमाराला वेलींवर पेरूएवढाली फळं धरली की आजोबा, ग्यानबा, बाभळीच्या काट्यानं एकेकावर एकेका नातवंडाचं नाव कोरून ठेवायचा. फळ फुगेल तसं नाव फुगायचं. दिवाळीत ज्यानं त्यानं पानं सारून आपलं शोधायचं, आणि कवेत घेऊन घरी न्यायचं.

धाकट्या नातवाला, माऊलीला, त्याचं सापडलं होतं. प्रियदर्शनीच्या डांगरावर नुसतंच 'प्रिय' निघालं.

"आबा, अर्धंच नाव काहून?"

"एवढं लांबलचक नाव ठेवलं तुझ्या बापानं. डांगर पुरलं न्हाई."

ती हसली आणि पलीकडच्या गोणपाटाकडं पळाली.

"ते न्हाई गं बाई," ग्यानबा घाईनं म्हणाला. "ते बियाला ठेवलंय."

तोवर तिनं गोणपाट उचललं होतं. "आबा, याच्यावर बी नाव हाय. बा... ळ." तिनं वळून सगळ्यांकडं पाहिलं. "बाळ कोण?"

बांधावर सीताफळं तोडत असलेली शिवकन्या, तिची धाकटी काकू, वर धरलेल्या हातानं तशीच थांबली.

पोळ्याला शिवकन्याला सहावा चालू होता. घटस्थापनेच्या आधी ती दवाखान्यातून रिकामी परत आली. लेकराचं तोंड तिला कोणी पाहू दिलं नव्हतं. पाहिलं की विसरणं होत न्हाई, असं मोठ्या बायकांचं म्हणणं. गुंडाळलेलं कापड तेवढं तिला लांबून दिसलं होतं. तेव्हापासून 'बाळ' हा शब्द घरात तिच्यासमोर कोणी काढत नव्हतं.

"तरी सांगितलं होतं तुमाला, काढून टाका म्हून," सासू नर्मदाबाई ग्यानबाला दबक्या आवाजात म्हणाली. "बाळंतपणाच्या आधी आमी बाया लेकराची कुंचीसुदिक शिवत न्हाई, अन् तुमी नाव कोरून बसले." मग ती धाकट्या लेकाकडं वळली. "सोमेश्वर, तोड ते अन् म्हशीला घाल. घरात नको."

सोमेश्वरनं विळा उचलला. दोन पावलं गेला आणि बायकोकडं बघत उभा राहिला.

शिवकन्या बांध उतरून आली. पदरातली सीताफळं तिनं खाली ठेवली आणि डांगरासमोर बसली. अक्षरं बोटभर रुंद झाली होती, खरबरीत, वाळल्या मातीच्या रंगाची. 'ळ'ची दोन्ही वेटोळी फुगून एकमेकांना टेकली होती. तिनं त्यांच्यावरून सावकाश बोट फिरवलं.

"लई मोठं झालं," ती म्हणाली.

ग्यानबानं टोपी काढली आणि तो वेलीच्या पलीकडं उकिडवा बसला. नवरात्रापासून तो सुनेच्या समोर आलाच नव्हता. जेवणाचा डबासुद्धा शेतातच मागवायचा.

"दोनदा आलतो तोडायला पोरी," तो मातीकडं बघत म्हणाला. "हात झाला न्हाई. म्हून झाकून ठेवलं."

"व्हय मामा."

"माझ्याच हातानं झालं समदं. आधीच लिवायला नको होतं."

गुऱ्हाळाचा गोड धूर हळदीवरून आला आणि गेला. शिवकन्याचं बोट अजून त्या अक्षरांवरच होतं.

"मामा, त्याला कोणी नाव ठेवलं न्हाई, कोणी एक हाक मारली न्हाई," ती म्हणाली. "तुमी एकट्यानं लिवलं."

ग्यानबानं टोपीनंच डोळे पुसले.

"मग... तोडू का?" सोमेश्वरनं विचारलं.

"नको. वेलीवरच राहू द्या."

नर्मदाबाई पुढं आली. खाली ठेवलेली सीताफळं तिनं एकेक करून स्वतःच्या पदरात घेतली. "चला रे पोरांनो," ती ट्रॉलीकडं जात म्हणाली, "काकवी निवून जाईल." माऊली आपलं डांगर सावरत तिच्या मागं गेला. सोमेश्वर विळा कंबरेला खोचून तिथंच घुटमळत राहिला.

प्रियदर्शनी हलली नाही.

"मग बाळाचं डांगर कोण नेणार, काकू?"

"कोणीच न्हाई. ते हितंच राहणार. आबापाशी."

"एकटं?"

"आबा हायत ना."

ऊन उतरलं होतं. थोड्या वेळानं दव पडायला लागणार होतं. शिवकन्यानं गोणपाट झटकलं, त्याची माती काढली आणि डांगरावर अंथरलं. चारी बाजूंनी नीट खोचलं. दोन्ही अक्षरं झाकली गेली.

"अगं काकू, तोंडावरून काहून घालून राहिली?" प्रियदर्शनी म्हणाली. "तोंड तरी उघडं ठेव."

शिवकन्याचे हात थांबले. मग तिनं गोणपाटाची वरची कड चिमटीत धरली, अलगद मागं घेतली, आणि दुपटं दुमडतात तशी दुमडून हनुवटीखाली सारली.