आपल्या पायांनी

“पिणारा माणूस स्वतः यायला हवा, बाई,” चांगदेव सुतार रंधा बाजूला ठेवत म्हणाला. “आपल्या पायांनी. त्याच्या वतीनं दुसऱ्यानं येऊन चालत नाही.”

राही खोपीच्या दारातच उभी राहिली. काशीदहून मुरुडपर्यंत ती पहाटेपासून चालत आली होती. मिठाच्या सत्याग्रहाला वर्ष झालं होतं. तिकडे अलिबागेत पोरं दारूच्या दुकानांपुढं हात जोडून उभी राहतात, असं लोक सांगत. नबाबाच्या मुरुडात तसलं काही ऐकू येत नव्हतं. पण मासळीबाजारात तिच्या कानावर आलं होतं, की तिथं काही माणसं दर शुक्रवारी एकत्र बसतात आणि दारू सोडतात. अंगारा नाही, शपथ नाही, नुसती बसतात. बंदरावर तिनं चौघांना विचारलं. दोघं हसले. एकानं गुत्त्याचीच वाट दाखवली. चौथ्यानं ही होड्या बांधायची खोप दाखवली.

“बसून काय करता?” तिनं विचारलं.

अर्ध्या बांधलेल्या मचव्याच्या आडोशाला सात-आठ जण बसले होते. त्यांतला सिराजुद्दीन खलाशी म्हणाला, “उठून नाव सांगतो. किती दिवस घेतली नाही ते सांगतो. झूट बोलत नाही, बस्स. मधल्या दिवसांत तल्लफ आली, की एकमेकांच्या घरी जाऊन बसतो. मला दोन साल झाली.”

“आनि परत घेतली तर?”

“तर पुढच्या जुम्म्याला येऊन तेही सांगायचं.”

चांगदेवानं तिला तांब्याभर पाणी दिलं. “कधीपासून चाललंय घरात?”

“चार वरसं. थंडीला म्हनून घोटभर सुरू झाली. थंडी गेली, घोट न्हाय गेला.”

“मारहाण?”

“मारन्याचं न्हाय, दादा.” राही तांब्यातल्या पाण्याकडं बघत राहिली. “पोर हाय माझी चार वरसांची, जनी. शिमग्याच्या आदल्या दिशी चुलीपाशी खेळत व्हती. घरात मानूस व्हतं, पन शुद्धीत नव्हतं. परकर पेटला. शेजारच्या काशीनं घोंगडं टाकलं म्हनून वाचली. सासूबाई पोरीला नांदगावला घेऊन गेल्या. म्हनल्या, या घरात दारू हाय तवर पोर दिसनार न्हाय.”



“पुढच्या शुक्रवारी घेऊन ये,” चांगदेव हळू आवाजात म्हणाला. “ओढून आणू नको. तयारी असली तरच.”

राहीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग समोरच्या सगळ्या पुरुषांकडं पाहिलं आणि म्हणाली, “येते.”

त्याच संध्याकाळी घरी पोचताच तिनं फडताळातलं दारूचं मडकं बाहेर आणलं आणि माडाच्या मुळाशी पालथं केलं. तिचा नवरा रघू उंबऱ्यावर बसला होता. त्यानं रिकाम्या मडक्यात डोकावून पाहिलं.

“सगळी?”

“सगळी.”

पुढचे तीन दिवस हालाचे गेले. रघूचं जाळं खुंटीवरच राहिलं. राहीची मासळीची पाटी भिंतीशी उपडी पडली. पोटात पेज ठरेना. हातात वाटी धरवेना, इतकं कापरं. अंगाला दरदरून घाम, आणि भर उन्हात हुडहुडी. मधेच खोलीच्या कोपऱ्यात जनी रडते आहे असे भास.

काशी दारात येऊन म्हणाली, “घोटभर तरी पाजा की. उगा मानसाचा जीव जायचा.”

रघूनं तिच्याकडं पाहिलंच नाही.

“न्हाय,” आतून राही म्हणाली.

चौथ्या दिवशी पेज पोटात राहिली. पाचव्या दिवशी माडाखाली सावलीत बसता आलं. गुत्त्याकडून येणारा वारा सुटला, तेव्हा दोघं उठून किनाऱ्याच्या टोकापर्यंत चालत गेली, आणि वास विरल्यावर परत आली. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी दोघं हसली. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सहाव्या दिवशी रघू नांदगावला गेला. त्याची आई जनीची वेणी घालत होती.

“न्यायला आलोय,” तो म्हणाला.

“घरात दारू?”

“सहा दिस झाले, आये. थेंब न्हाय.”

म्हातारीनं त्याच्या तोंडाकडं नीट निरखून पाहिलं. मग वेणी पुरी केली, आणि पोरीचा हात त्याच्या हातात दिला.

शुक्रवारी रघूनं राहीला आणि जनीला घेऊन होडी काढली. जुम्म्याची नमाज सुटायच्या वेळी होडी मुरुडच्या बंदराला लागली. खोपीत त्या दिवशी दहाएक माणसं होती. रघू जनीला खांद्यावर घेऊन दारातून वाकून आत शिरला, तसे सगळे सरकले.

“या भाऊ, या,” चांगदेव उठून म्हणाला. “घाबरू नका. इथं सगळे तुमच्यासारखेच.”

सिराजुद्दीननं त्याच्यासाठी गोणपाट अंथरलं. रघू बसला नाही.

“फक्त नाव सांगा आणि दिवस सांगा. बाकी काही नको,” चांगदेव पुढं म्हणाला.

रघूनं राहीकडं पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं नुसती मान हलवली आणि एक पाऊल मागं सरकला.

“पहिल्या वेळी होतं असं,” चांगदेव म्हणाला. “सावकाश. आम्ही थांबतो.”

राहीनं पदर खोचला. पुरुषांच्या मधून वाट काढत ती पुढं गेली आणि मचव्यापुढं ताठ उभी राहिली. ती बोलली, ते बाहेर बंदरावरच्या माणसांनाही ऐकू गेलं.

“माझं नाव राही. आज माझा आठवा दिस.”