आतेभाऊ

तासभर मांडीवर घट्ट धरलेला टॉवेल श्रीरंगने अखेर सोडला. स्पेनच्या त्या किनाऱ्यावर समलिंगी पुरुष येत आणि बिनकपड्यांचे बिनधास्त फिरत. मुकुंद तर कधीचा शेजारी नागवा पहुडला होता.

“मराठी ऐकलं म्हणून आलो. मी नाशिकचा,” पिकल्या केसांचे एक गृहस्थ तसेच, उघड्या अंगाने, नमस्कार करत म्हणाले. “आणि हे तुमचे...?”

“आतेभाऊ,” श्रीरंग बोलून गेला.

साताऱ्यात दोघांनी बावीस वर्षं संसार केला होता, आणि शेजाऱ्यांना हेच सांगून त्याची जीभ सरावली होती. टॉवेल सोडताना वाटली त्याच्या दसपट लाज त्याला आता वाटली.

“हो, आत्याकडचा,” मुकुंद हसून म्हणाला. मग उठून त्याने शर्ट घातला आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली.